५१ अक्षरांचं औषध: इन्शुलिन, जवळजवळ ४० वर्षांच्या वापरानंतर

आधी कोरडी माहिती. काय वापरते: रात्री एकदा ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्शुलिन), १८ युनिट, दिवसातून तीनदा जेवणाआधी लिस्प्रो (झटपट काम करणारं), ताटात काय आहे ते पाहून ५ ते ८ युनिट. दोन्ही पेनमधून. ही जोडी वापरतेय त्याला २० वर्षं होत आली. त्याआधी १० वर्षं साधं 'ह्यूमन' इन्शुलिन, आणि त्याआधी, १९८६ पासून, गाई-डुकरांचं. पहिली सुई टोचली तेव्हा मी ९ वर्षांची होते. टाइप १ आहे, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी माझ्याच शरीराने मारून टाकल्या. नाही आवडलं तर बंद करू, ही सोय नाही. तारे किती का देईना, गिऱ्हाईक मी कायमचीच. हे मनात धरून पुढचं वाचावं.

दुसरी गोष्ट, मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या-उकार तपासून पोट भरते. हातात येईल ते छापील वाचायची खोड आहे, त्यातून औषधाचा खोकाही सुटत नाही. १९९६ मध्ये औषध बदललं तेव्हा नव्या खोक्यावर नावाखाली बारीक टायपात छापलं होतं, 'आरडीएनए ओरिजिन'. बाकी सगळ्याचा अर्थ लागला, एवढ्याचा लागेना. हा रिव्ह्यू खरं तर त्या दोन शब्दांचा आहे.

पहिली १० वर्षं काचेची सिरिंज होती. आई ती रोज सकाळी पातेल्यात उकळायची, चिमट्याने काढायची, सुईचं टोक बोथट झालं की बारीक दगडावर घासायची. बाटलीच्या रबरी बुचात सुई घातली की एक वास यायचा, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा. पुढे कळलं की तो वास इन्शुलिनचा नसतोच. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या मेटाक्रेसॉलचा असतो. औषध बदलत गेलं, वास तोच राहिला. आजही पेनच्या सुईवर थेंब आला की मला ते पातेलं दिसतं.

त्या जुन्या इन्शुलिनला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. मी जगले ती त्याच्यावर. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचला तो गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्कच होता, आणि तो इतका गाळयुक्त की टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिपने तो स्वच्छ केला, बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा लागू पडला. तिथून पुढची साठ वर्षं जगातले सगळे इन्शुलिनवाले कत्तलखान्यावर अवलंबून. आठ औंस, म्हणजे पाव किलोच्याही आत शुद्ध इन्शुलिनसाठी सुमारे दोन टन डुकरांचे अवयव लागायचे, असा हिशेब सांगतात. मी एकदा कागद घेऊन बसले. दिवसाचे माझे ३८ युनिट वजनात सव्वा-दीड मिलिग्रॅम भरतात, वर्षाचे जेमतेम अर्धा ग्रॅम. तेवढ्यासाठी चार किलोंहून जास्त माल लागला असता. एकटीसाठी, दर वर्षी.

आता मजकुराकडे. इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. दोन साखळ्या: 'ए' २१ ची, 'बी' ३० ची. गंधकाच्या दोन पुलांनी त्या एकमेकींना बांधलेल्या, आणि तिसरा पूल 'ए'च्या स्वतःच्याच अंगात. हा क्रम फ्रेडरिक सँगरने लावला, त्याला त्यासाठी १९५८ चं नोबेल मिळालं. अमिनो आम्लाला एक अक्षर मानलं तर माणसाच्या आणि डुकराच्या प्रतीत फक्त एक अक्षर वेगळं आहे, 'बी' साखळीतलं शेवटचं. गाईच्या प्रतीत तीन. ५१ अक्षरांत एक चूक असलेलं प्रूफ मी सही करून सोडणार नाही, पण वाक्याचा अर्थ लागतो हे कबूल करेन. शरीरालाही लागत होता. कुरबूर मात्र चालायची. माझ्या उजव्या मांडीवर दोन खड्डे आहेत; प्राण्यांच्या इन्शुलिनवर आणि त्यातल्या अशुद्धीवर शरीर चिडतं आणि टोचल्या जागेची चरबी झिजते, त्यातले. औषध बदललं, खड्डे भरले नाहीत.

मग १९९६. डॉक्टर म्हणाले, "आता ह्यूमन इन्शुलिन सुरू करू."

आई खुर्चीत पुढे सरकली. "कुठल्या माणसाचं?"

"कुठल्याच नाही. जिवाणू तयार करतात."

"म्हणजे पोरीला जंतू टोचायचे?"

डॉक्टर हसले, मीही हसले. आई हसली नाही. आज वाटतं, तिचाच प्रश्न बरोबर होता. कारण काही औषधं खरोखरच माणसांतून काढलेली असायची. वाढ खुंटलेल्या मुलांना द्यायचं ग्रोथ हॉर्मोन मृतांच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून काढत, आणि त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब नावाचा मेंदू पोखरणारा रोग झाला. १९८५ मध्ये हे उघडकीला आल्यावर ते औषध थांबवलं गेलं, आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवलेल्या ग्रोथ हॉर्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. 'कुठल्या माणसाचं?' हा प्रश्न त्या मुलांच्या आयांनी विचारला असता तर त्यांनाही कुणी हसलंच असतं.

डॉक्टरांनी मग चिठ्ठीच्या पाठीवर एक गोल काढला. हा प्लाझ्मिड, म्हणाले, जिवाणूच्या पोटातलं डीएनएचं कडं. हे इथे कापायचं, मध्ये माणसाचं जनुक चिकटवायचं, कडं बंद करून परत जिवाणूत सोडायचं. जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात, प्रत्येकात आपला मजकूर. आईने चिठ्ठी उलटी करून पुढची बाजू पाहिली आणि विचारलं, "आणि डोस?"

गोल बरोबर होता. पण ज्या गोष्टीने मी त्या दोन शब्दांच्या नादी लागले ती त्या चित्रात नव्हती, ती मला नंतर वाचताना सापडली. डीएनए कापणाऱ्या विकरांना डीएनएची विशिष्ट अक्षरं (ही अमिनो आम्लांहून वेगळी वर्णमाला, ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरांची) दिसली की तिथेच ते कापतात. हर्बर्ट बॉयरच्या प्रयोगशाळेतला ईको-आर-वन हा विकर जी-ए-ए-टी-टी-सी शोधतो, आणि हे सहा अक्षरांचं ठिकाण समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी अगदी तेच येतं. 'चिमा काय कामाची'सारखं. (त्यात पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ आहे, त्यामुळे ते काटेकोर नाही, हे मला शाळेपासून खुपतं. ईको-आर-वनचं ठिकाण काटेकोर आहे.) काप तिरका जातो, दोन्ही टोकांना चार-चार अक्षरांची शेपटी राहते, आणि त्याच विकराने कापलेला कुठलाही तुकडा, बेडकाचा असो की माणसाचा, त्या शेपटीला जाऊन चिकटतो. स्टॅन्ली कोहेन आणि बॉयर यांनी १९७३ मध्ये हे करून दाखवलं. असा जोडून घेतलेला डीएनए म्हणजे रिकॉम्बिनंट डीएनए, माझ्या खोक्यावरचं 'आरडीएनए'. तीन वर्षांत बॉयरने रॉबर्ट स्वॉन्सनबरोबर जेनेन्टेक कंपनी काढली.

इन्शुलिनसाठी तेव्हा शर्यत लागली होती, आणि ती जिंकणाऱ्यांनी जनुक माणसातून काढलंच नाही, ही मला सगळ्यात मोठी गंमत वाटते. क्रम तर सँगरने लावून ठेवलेलाच होता. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप इथे केइची इताकुरा, आर्थर रिग्ज आणि मंडळींनी डीएनएचे छोटे तुकडे रसायनांपासून जुळवले, एकेका अमिनो आम्लाला तीन अक्षरं या हिशेबाने, खिळे जुळवावेत तसे. जेनेन्टेकच्या डेव्हिड गेडेलने ते जिवाणूत बसवले. हार्वर्डचा वॉल्टर गिल्बर्टचा गट खऱ्या मानवी जनुकामागे होता. त्यावरच्या सुरक्षेच्या नियमांमुळे त्यांना इंग्लंडमधल्या पोर्टन डाउनच्या लष्करी प्रयोगशाळेत जाऊन काम करावं लागलं. तिथे शेवटी हाती लागलं ते उंदराचं जनुक निघालं, नमुन्यात भेसळ झाली होती. चुकीची मूळप्रत घेऊन आख्खं पुस्तक छापून झाल्यावर प्रकाशकाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. त्या गटाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

जिंकणाऱ्यांनाही सरळ रस्ता नव्हता. जिवाणूला परका छोटा तुकडा दिसला की तो चावून टाकतो. म्हणून त्यांनी इन्शुलिनची साखळी जिवाणूच्याच एका भल्यामोठ्या प्रथिनाच्या शेपटाला बांधली. हे प्रथिन हजारावर अमिनो आम्लांचं, आणि आपलं काम एकवीस किंवा तीस अक्षरांचं! मध्ये मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल घातलं. सायनोजेन ब्रोमाइड नावाचं विषारी रसायन प्रथिनाला फक्त मेथिओनिनपाशी तोडतं, आणि माणसाच्या इन्शुलिनच्या ५१ अक्षरांत मेथिओनिन एकदाही येत नाही. म्हणजे जोडाची जागा तुटणार, मजकूर शाबूत. हे वाचलं त्या रात्री मी साखळीचे दोन्ही क्रम कागदावर उतरवून बोट ठेवत तपासले. नाही. खरंच नाही. दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत वाढवून बाहेर जोडल्या, १९७८ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये एलाय लिली कंपनीच्या नावाने हे इन्शुलिन, ह्युम्युलिन, बाजारात यायला परवानगी मिळाली. रिकॉम्बिनंट डीएनएने बनवलेलं माणसाच्या उपचारासाठीचं ते पहिलं औषध.

आता पद्धत बदलली आहे. आपलं शरीर इन्शुलिन एकाच लांब धाग्यात लिहितं, प्रोइन्शुलिन, ८६ अक्षरांचं. मधला सी-पेप्टाइडचा तुकडा नंतर कापून काढतं. कारखानेही बरेचदा असाच आख्खा धागा ई. कोलाय या जिवाणूकडून करून घेतात. जिवाणूच्या पोटात तो चुरगळून गोळा होऊन पडतो. तो गोळा विरघळवायचा आणि मग धाग्याला शांतपणे घडी घालू द्यायची. गंधकवाली सहा अमिनो आम्लं आहेत, त्यांच्या तीन जोड्या पंधरा तऱ्हांनी लागू शकतात आणि त्यातली एकच बरोबर. मग विकरांनी मधला तुकडा कापायचा आणि स्तंभांमागून स्तंभांतून गाळत जिवाणूचा प्रत्येक अंश काढून टाकायचा. डेन्मार्कवाले नोवो नॉर्डिस्क जिवाणूऐवजी यीस्ट वापरतात. ते घडी घातलेला माल पेशीबाहेर सोडतं. आईला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग जंतू राहतात का? नाही राहत. जंतू लेखनिक आहेत, त्यांना पुस्तकात बांधत नाहीत.

तर या सगळ्या करामतीतून आलेलं ह्यूमन इन्शुलिन वापरून मला काय वाटलं?

खरं सांगू? फारसं काही नाही.

नवे खड्डे पडले नाहीत, हे मान्य. कत्तलखान्याचा प्रश्न सुटला, जगभरातल्या लाखो लोकांना पुरेल एवढं औषध टाकीत तयार होऊ लागलं, ही गोष्ट माझ्या एकटीच्या मांडीपेक्षा खूप मोठी. पण माझा दिवस होता तसाच राहिला. जेवणाआधी अर्धा तास टोचून घड्याळ बघत बसायचं, कारण बाटलीत इन्शुलिनचे रेणू जस्ताभोवती सहा-सहाचे गठ्ठे करून बसलेले असतात. कातडीखाली ते सुटे व्हायला वेळ लागतो. पाहुणे अडकले, जेवण लांबलं, की हात थरथरायला लागले. रात्रीचं एनपीएच, म्हणजे सावकाश काम करणारं इन्शुलिन, गढूळ, तळहातांत घोळवून घ्यायचं, त्याचा जोर मध्यरात्रीनंतर चढायचा. पहाटे तीनला घामाने भिजून उठणं हा माझा दहा वर्षांचा नेम होता. 'प्राण्याचं चांगलं होतं, शुगर लो झालेली तरी कळायचं', असं सांगणारे जुने पेशंट त्या काळात पुष्कळ भेटत. तुलना करणाऱ्या अभ्यासांत तसा ठोस फरक दिसला नाही. मला स्वतःला तो जाणवला नाही, पण सांगणाऱ्यांना मी खोटं म्हणणार नाही.

चूक ह्यूमन इन्शुलिनची नव्हती. ते हुबेहूब मानवी होतं, आणि तीच अडचण होती. स्वादुपिंडातून थेंबाथेंबाने रक्तात सुटण्यासाठी लिहिलेला तो मजकूर आम्ही कातडीखाली दिवसातून दोनदा ओतत होतो. नक्कल शंभर टक्के बरोबर, जागा चुकीची.

'आरडीएनए'चा खरा अर्थ मला कळला तो पुढच्या खोक्याने. जनुक आपणच जुळवायचं आहे तर एखादं अक्षर बदलूनही जुळवता येतं. स्वादुपिंडातून मिळेल ते घ्यावं लागतं. जुळवलेल्या मजकुरावर पेन्सिल चालते.

लिस्प्रो घ्या. 'बी' साखळीच्या शेवटी २८ वं प्रोलिन आणि २९ वं लायसिन. लिस्प्रोमध्ये एवढंच केलं, ही दोन अक्षरं आपसांत बदलली. 'कमल'चं 'कलम'. माझ्या धंद्यात ही रोजची चूक, दोन अक्षरांना वळसा घालणारी खूण करायची आणि पुढे जायचं. इथे ती मुद्दाम केलेली आणि १९९६ मध्ये मंजूर झालेली. नेमक्या याच टोकाने रेणू एकमेकांना धरून बसतात. अक्षरं उलटी केली की पकड ढिली, गठ्ठा कातडीखाली पटकन सुटतो. पाव तासात काम सुरू, तासाभरात जोर, चार-पाच तासांत संपलं. मी ताट समोर आल्यावर टोचते. अर्धा तास घड्याळ बघणं संपलं, हे वाक्य ज्यांनी ते कधी बघितलं नाही त्यांना किरकोळ वाटेल.

ग्लार्जिन त्याहून धूर्त. यात 'ए' साखळीचं शेवटचं अक्षर बदललंय आणि 'बी'च्या शेवटी दोन आर्जिनिन जास्त आहेत; एकूण ५३. आणि हे दोन आर्जिनिन आणलेत कुठून? ते प्रोइन्शुलिनमध्ये असतातच, 'बी' साखळी संपते तिथे. आपलं शरीर जोड कापताना ते काढून टाकतं. ग्लार्जिनमध्ये ते तसेच ठेवलेत, कच्च्या खर्ड्यातल्या खुणा छापील पानावर ठेवाव्यात तसे. त्यामुळे हे इन्शुलिन आम्लात विरघळतं आणि कातडीखालच्या जवळजवळ उदासीन पाण्यात आलं की साक्यासारखं खाली बसतं. त्या साक्यातून चोवीस तास थोडं थोडं सुटत राहतं. पेनमधलं द्रावण पीएच ४ चं, म्हणून टोचताना कधी चुणचुणतं. चुणचुणू दे. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात एका पहाटे तीनला मला जाग आली, सवयीने. अंग कोरडं. शुगर मोजली, व्यवस्थित होती. काय करावं सुचेना म्हणून उठून एक फॉर्म प्रूफ वाचून काढला.

ही दोन्ही औषधं म्हणजे जाणूनबुजून केलेले मुद्रणदोष आहेत, आणि मी त्यांना मूळ प्रतीपेक्षा जास्त मानते. असं मी माझ्या कामाच्या ठिकाणी बोलत नाही.

तपासणीच्या रांगेत एक गृहस्थ नेहमी भेटतात, हिमोफिलियाचे (रक्त नीट न गोठण्याचा आजार), माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना एकदा डुकरांचा हिशेब ऐकवला तर म्हणाले, "तुमचं निदान डुकरातून यायचं. माझं हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून यायचं." रक्त गोठवणारा फॅक्टर आठ तेव्हा हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून काढत, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस किती हिमोफिलियावाल्यांना झाला ते सर्वश्रुत आहे. रिकॉम्बिनंट फॅक्टर आठ १९९२ मध्ये आलं. ते २३३२ अमिनो आम्लांचं अजस्र प्रथिन, वर त्याला जागोजागी शर्करेच्या साखळ्या चिकटलेल्या. ते जिवाणूला झेपत नाही, त्याला असल्या साखळ्या चिकटवता येत नाहीत. म्हणून हॅमस्टरच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून करून घेतात. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींचा एक वंश १९५७ पासून प्रयोगशाळांत जिवंत आहे, आणि रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिन, हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज, कॅन्सरवरच्या कितीतरी अँटिबॉडी त्यातूनच येतात. गृहस्थांना मी म्हटलं, तुमचा लेखनिक माझ्यापेक्षा शिकलेला आहे. त्यांना हे फारसं आवडलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ जुन्या औषधाच्या काळात गेला, हे मला नंतर कळलं.

आता तक्रारी. रेणूला पाचपैकी पाच तारे. वेष्टनाला दोन, तेही उदार होऊन.

माझी दोन्ही पेनं एकाच कंपनीची नाहीत, तरी सारखी दिसतात. दोन्हीतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ. एनपीएच निदान गढूळ होतं, अंधारातही बाटली हलवून कळायचं. पेनावर ओळख म्हणून एक रंगीत पट्टी आणि बटणाचा रंग, दिवा मंद असला की दोन्ही करडेच. चार वर्षांपूर्वी रात्री झोपायच्या आधी मी १८ युनिट टोचले, सुई काढली आणि हातातलं पेन पाहिलं. लिस्प्रो. १८ युनिट, आणि पोटात काही नाही. धाकटी बहीण दारात उभी होती. "ताई, कुठलं पेन घेतलंस?" माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलंच होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला, मी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवत बसले. दर पंधरा मिनिटांनी बोट टोचून शुगर, पेला, पुन्हा शुगर. पावणेदोनला धोका टळला. लिस्प्रो लवकर संपतं या एका गुणावर ती रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी बहिणीने ग्लार्जिनच्या पेनला लोकरीचा दोरा गुंडाळला. आता मी डोळे मिटूनही सांगू शकते. अणूअणूचं गणित मांडून अक्षरं बदलणाऱ्या उद्योगाला दोन पेनं हाताला वेगळी लागतील अशी करणं जमू नये? कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

साठवण. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, गोठवायचं नाही, वापरात काढलं की बाहेर चालतं पण २८ दिवस. प्रवासाला निघताना मी कपड्यांआधी बर्फाची पिशवी भरते. प्रथिन आहे, उन्हात घडी मोडते आणि मोडलेली दिसत नाही; दिसायला तसंच स्वच्छ, काम शून्य. एकदा गाडीत विसरलेलं पेन मी हळहळत फेकलं. तुम्हीही फेका.

तिसरी गोष्ट तक्रार आहे की नाही मला ठरवता येत नाही. मागे माझ्या नेहमीच्या ग्लार्जिनऐवजी दुसऱ्या कंपनीचं बायोसिमिलर हातात आलं. ॲस्पिरिनच्या रेणूत २१ अणू असतात, कुणीही बनवलं तरी तेच. साध्या इन्शुलिनच्या रेणूत ७८८. क्रम तोच असला तरी टाकी वेगळी, जिवाणूचा वाण वेगळा, गाळणी वेगळी. म्हणून याला नुसतं जेनेरिक म्हणत नाहीत, साम्य चाचण्यांनी सिद्ध करावं लागतं. मी पहिला महिना संशयाने रोज सात वेळा शुगर मोजली आणि वहीत दोन रकाने केले. दोन्ही रकाने सारखे निघाले. संशय गेला, पण पेनचं बटण जरा जास्त जोर मागतं, आणि संधिवात असलेल्या बोटांना ते कळतं. बदलायचं तर डॉक्टरांना विचारून बदला, आणि वही ठेवा.

शेवटी माहितीपत्रक. पाच घड्यांचं, पातळ कागदाचं, आपल्या भाषेतही छापलेलं, त्याबद्दल आभार. त्यात साठवणीच्या सूचनेची ओळ घडीच्या टोकाला येते. पहिल्या घडीवर शेवटचे शब्द आहेत, 'इन्शुलिन गोठवू'. 'नका' पलीकडच्या घडीवर. मी ते पान लाल शाईने खुणा करून कंपनीला पाठवलं, ओळ कुठे तोडावी तेही दाखवलं, बिल लावलं नाही. नोंद घेतली आहे, असं याही वेळी आलं. गेल्या आठवड्यात नवा खोका उघडला. 'नका' अजून पलीकडेच आहे.